तळघरातला गारवा

बर्फाची शेवटची लादी तळघराच्या कोपऱ्यात सरकवून ताईने माउसवरचा हात काढला आणि बोटं मोडली. पडद्यावरच्या त्या तळघरात आता चारी भिंतींना बर्फ लागला होता. मधे कोबीचे गड्डे, बटाट्याची पोती, खारवलेल्या माशांची पिंपं अशी नीट रचून ठेवलेली होती. तिने बाण खोलीवर नेला. बाजूला तापमानाचा आकडा उमटला. लाद्या लावायच्या आधी होता त्यापेक्षा तो तसूभरही खाली आला नव्हता. उलट बघता बघता आणखी एक घर वर चढला.

"आपलं गाव काही यंदाचा उन्हाळा काढत नाही," ती कानावरच्या माइकमध्ये म्हणाली.

"असू दे गं ताई. तू तरी किती करशील," पलीकडून धाकटी म्हणाली. "थांब, मी आईंना विचारते."

ताईने खुर्ची पुढे ओढली. "कुणाला?"

"आईंना गं. ह्यांच्या आईंना. त्या रोज माझ्या मागे बसून बघतात. परवा म्हणाल्या, तुमच्या तळघराचं कुठे चुकतंय ते मला कळलंय."

पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. धाकटी म्हणाली, "अहो आई, इकडे या. इथे बोला, ऐकू जातं."

"विहीणबाई, नमस्कार," एक जाडसर, प्रसन्न आवाज आला. "मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण ह्या तळघराच्या डोक्यावर भट्टी कुणी बांधलीय?"

"मीच," ताई म्हणाली. "बेकरी आहे ती."

"मग खालचं कसं गार राहील? वर शेकोटी नि खाली बर्फ. आणि दुसरं म्हणजे, ही तुमची माणसं एकेका बटाट्यासाठी आत जातात, दरवेळी दार उघडतात. आमचा हा लहानपणी असाच फ्रिज उघडून उभा राहायचा, काय खाऊ, काय खाऊ करत. दाराबाहेर एक कपाट करा आणि दिवसभराचं त्यात काढून ठेवा. आणि त्या दाराच्या पुढे थोडी जागा सोडून आणखी एक दार लावा. म्हणजे एक उघडलं तरी दुसरं मिटलेलं."

त्याच संध्याकाळी धाकटीने बेकरी पाडून तळ्याकाठी हलवली. ताईने कपाट केलं, दुसरं दार लावलं. गावातली माणसं मुकाट्याने कपाटापाशी थांबू लागली. आकडा आधी थबकला आणि मग हळूहळू उतरत शून्याच्या खाली गेला.

"बघितलंस ताई?" धाकटी म्हणाली. "आईंमुळे वाचलो."

ताईने "हो, छानच" म्हटलं आणि उगाचच पडदा पुसायला घेतला.

तसा हा खेळ साधा होता. मोकळ्या माळावर मूठभर माणसं आणायची, त्यांना घरं बांधून द्यायची, शेत पिकवायचं. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फ कापून ठेवायचा, कारण उन्हाळ्यात धान्य टिकलं नाही तर माणसं गाव सोडून जात. दोघी आपापल्या शहरात बसून एकच गाव चालवत. दोघींपैकी एक जरी आत असली तरी गावाचे दिवस पुढे सरकत, कुणीच नसलं तर गाव आहे तिथे थांबे. गावकऱ्यांना नावं धाकटीने ठेवली होती. सतत आजारी पडणारी ती रडूबाई, काम टाळणारा तो शेठ, आणि लाकडं तोडताना स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणारा तो लंगड्या.

धाकटी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिनेच हा खेळ ताईच्या संगणकावर चढवून दिला. फोनवर दोघींचं बोलणं लगेच संपायचं. जेवलीस का, जेवले, तू, मी पण, बरं मग ठेवते. खेळताना तसं होत नसे. हात बर्फ कापण्यात गुंतलेले असले की तोंड मोकळं सुटे, आणि धाकटी ऑफिसातल्या साहेबाच्या विगपासून ते नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगून टाकी. ताई हसता हसता डोळे पुसायची.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिची वेणी, तिचा डबा, तिचा ताप, सगळं ताईच्या अंगावर आलं आणि ताईला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. ह्या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, ते राहूनच गेलं. ती एका लाँड्रीत रफूचं काम करायची. इस्त्रीच्या वाफेत बसून कोटाच्या आतल्या शिवणीतला धागा काढायचा आणि बाहेरचं भोक असं बुजवायचं की मालकालाही सापडू नये. तिथून घरी आली की हात धुऊन ती गावात जायची. तिच्यासाठी ती वेळ म्हणजे दिवसाची साय होती.

आता त्या सायीत वाटेकरी आला होता.

सासूबाईंनी खेळ शिकून घेतला. सून ऑफिसात गेली की दुपारी त्या तिच्या संगणकावर बसत, संध्याकाळी मुलाच्या. त्यांनी स्वतःसाठी मोठी टोपी घातलेली एक बाई निवडली होती. ताई संध्याकाळी गावात शिरली की तिला रोज काहीतरी नवं दिसे. तळघराच्या पायऱ्यांवरच्या मशाली काढून टाकलेल्या असत, का तर मशालीने खोली तापते. मासे एका बाजूला आणि भाज्या दुसऱ्या बाजूला लावलेल्या. सगळं ठीकठाक, सगळं ताईपेक्षा चांगलं. नाव ठेवायला जागा मिळेना, आणि तेच ताईला जास्त खुपे.

संध्याकाळी तिघी बोलत, म्हणजे बोलत त्या दोघी. ताईच्या कानात पलीकडच्या खोलीचे आवाज पडत राहत. कपात चमचा ढवळल्याचा आवाज. "उशी घे पाठीला, मान अवघडेल." "अहो आई, राहू द्या." "राहू द्या काय, घे." ताईच्या पाठीला तिची जुनी लाकडी खुर्ची होती. ती नकळत ताठ बसायची.

एका गोष्टीचा मात्र तिला आधार होता. धाकटी सासूबाईंना 'अहो' म्हणायची. 'अहो आई, तुम्ही.' आपल्या आईला कुणी अहो म्हणत नाही. ताई मनातल्या मनात त्या 'अहो'ला घट्ट धरून बसली होती.

एकदा असंच तळ्यावर बर्फ कापणं चाललं होतं. सासूबाईंची टोपीवाली बाई किनाऱ्यावर लाद्या मोजत उभी होती.

"त्या नव्या नोकरीचं सांगितलंस का गं ताईंना?" सासूबाईंनी सहज विचारलं.

पडद्यावर धाकटीची कुऱ्हाड थांबली.

"कसली नोकरी?" ताई म्हणाली.

"अगं, सांगणारच होते," धाकटी म्हणाली. "अजून नक्की नाही. दुसऱ्या कंपनीत बोलावलंय. पुढच्या महिन्यापासून. म्हणजे जवळजवळ नक्कीच आहे."

"छान झालं की."

"घरात विषय निघाला म्हणून आईंना कळलं. नाहीतर तुलाच आधी सांगितलं असतं."

"त्यात काय एवढं," ताई म्हणाली. पडद्यावर तिची कुऱ्हाड एकाच जागी पडत राहिली, तिथला बर्फ केव्हाच कापून झाला होता.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याने तिच्यापुढे एक करडा कोट धरला. तिथल्या अंधुक उजेडातही त्यावरचा काळा धागा उठून दिसत होता.

"हे तुमचं काम आहे?" त्याने विचारलं. त्याला खरंच विश्वास बसत नव्हता.

ताईने कोट घेतला आणि रफू उसवायला बसली.

लाँड्रीच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, ती एकटीच गावात शिरली. सासूबाई नव्हत्या. गावात उन्हाळा भर तापला होता. शेतं पिवळी पडली होती, रडूबाई विहिरीच्या सावलीत बसली होती. तळघरात मात्र बर्फाच्या लाद्या जशाच्या तशा होत्या आणि कोबी आत्ता शेतातून आणल्यासारखा हिरवागार.

सामान आत नेताना सोपं जावं म्हणून दारं कायमची उघडी धरून ठेवायची एक सोय त्या खेळात होती. ताईने बाहेरचं दार उघडं ठेवलं. मग आतलं. मग दिवस भराभर पुढे जावेत म्हणून वेग वाढवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

आकडा आधी जागचा हलला नाही. मग चढायला लागला. लाद्या कडेकडेने विरघळल्या, फरशीवर पाण्याचे डाग पसरले. कोबी पिवळा पडला, मग तपकिरी. ताई उठली, ओट्यावरची दोन भांडी घासली, पुसली, जागेवर ठेवली. परत आली तेव्हा माशांच्या पिंपांवर हिरवा धूर तरंगत होता. लंगड्या तळघराच्या पायरीवर आला, आत डोकावला आणि रिकाम्या हाताने परत फिरला. त्याच्या डोक्यावर रिकाम्या वाडग्याचं चित्र उमटलं.

मनात आखलं होतं ते असं की थोडं बिघडलं की दारं पूर्ववत लावून टाकायची, आणि संध्याकाळी म्हणायचं, तुझ्या सासूबाईंची युक्ती भर उन्हाळ्यात काही टिकली नाही बाई. पण लंगड्याकडे बघवेना. तिने घाईघाईने खेळ बंद केला आणि बाजारात निघून गेली. तिथे तिने नको असलेल्या सुया घेतल्या, आणि पिशवी हातात घेऊन रस्त्यावर उभी असताना तिच्या लक्षात आलं, दारं उघडीच राहिली.

ती घरी पोचून संगणक सुरू करते तोवर धाकटी आत आलेली होती.

"ताई," कानात आवाज आला. धाकटी एरवी गप्पा मारत आत यायची. "ताई, सगळं सडलंय."

"काय सांगतेस," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"शेठ गाव सोडून गेला. रडूबाई पण गेली. तळघरात एक धड गड्डा शिल्लक नाही. दोन्ही दारं उघडी धरून ठेवलीत. आपोआप नाही होत हे, कुणीतरी मुद्दाम करावं लागतं. ताई, तू आज आली होतीस का?"

ताईने तोंड उघडलं. काय बोलायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. खरं की खोटं, तेही नाही.

"माझाच हात लागला असेल गं," मागून सासूबाईंचा आवाज आला. "दुपारी बसले होते जरा. काहीतरी दाबलं मी."

"अगं आई," धाकटी म्हणाली, "किती वेळा सांगितलं तुला, माहीत नाही तिथे हात लावू नकोस म्हणून. विचारायचं होतंस ना. फोन करायचा होतास ना मला."

"चुकलं बाई."

"चुकलं काय चुकलं. दोघींनी मिळून एवढं उभं केलं होतं आम्ही. तुला आपलं सगळं स्वतःच करायचं असतं. तू ऐकतच नाहीस कुणाचं."

"बरं, आता उठ. चार घास खाऊन घे, मग बघू."

"मला नको काही."

"नको कसं. उठ म्हणते ना."

"जा गं आई तू."

ताई ऐकत होती. 'अहो' कुठल्या कुठे गेलं होतं आणि धाकटीला त्याचा पत्ताही नव्हता. रागाच्या भरात ते गळून पडलं, आणि ज्या हाताने ते पाडलं तो हात ताईचाच होता.

पण खरं बोचलं ते निराळंच. धाकटी तिच्यावर कधी ओरडली नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी ताईने इस्त्री करताना तिचा नवा झगा जाळला, तेव्हा ओठ घट्ट मिटून ती पोर म्हणाली होती, असू दे गं ताई. परीक्षेला ताईने तिला चुकीच्या केंद्रावर नेलं, तेव्हाही तेच. इतकी वर्षं ताई ते धाकटीचं शहाणपण समजत आली होती. ज्याने आपल्यासाठी इतकं केलं त्याच्यावर ओरडायचं तरी कसं, असं त्या पोरीला वाटत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"ताई, आज राहू दे," धाकटी म्हणाली. तिच्याशी बोलताना आवाज पुन्हा मऊ झाला होता. "तुझी सगळी मेहनत वाया गेली. सॉरी हं."

"असू दे गं," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने लाँड्रीतून लवकर निघायची परवानगी मागितली. धाकटी ऑफिसातून यायच्या आत तिला गावात पोचायचं होतं. टोपीवाली बाई तळघरात होतीच. सडलेल्या ढिगाभोवती नुसती गोल गोल फिरत होती.

"काकू," ताई म्हणाली, "काल ते दार..."

"बरं झालं आलात विहीणबाई. हे सडलेलं उचलायची कळ कुठली? मला मेलं सापडतच नाही."

ताईने सांगितलं. सासूबाईंनी एक गड्डा उचलला, बाहेर नेऊन टाकला, परत आल्या. ताईनेही उचलायला सुरुवात केली. बराच वेळ दोघी आत-बाहेर करत राहिल्या.

"तुम्ही काल तसं का म्हणालात?" ताईने शेवटी विचारलं.

"मी ह्या वयात हा खेळ का शिकले, ते कधी विचारलं नाहीत."

"का शिकलात?"

"लग्न होऊन ही घरात आली, तेव्हा दिवसभर हो आई, बरं आई. पाहुणीसारखी वावरायची. संध्याकाळी खोलीचं दार लावून बसायची, आणि मग आतून खळखळून हसायचा आवाज यायचा. मी बाहेर स्वयंपाकघरात उभी. वाटायचं, कोण ही बया, जिच्याशी ही एवढं हसते. आमच्याशी का नाही." सासूबाई भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज बोलत होत्या. "फार राग यायचा मला तुमचा. एकदा तर मी वायफायची वायर काढून ठेवली होती."

ताईला ती संध्याकाळ आठवली. धाकटी दोन वाक्यं बोलून मधेच नाहीशी झाली होती, आणि ताई जेवणाची वेळ टळून गेली तरी तिची वाट बघत बसली होती.

"ते तुम्ही केलं होतं?"

"तो कोपऱ्यातला गड्डा राहिला बघा," सासूबाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस तिघींनी गाव सावरण्यात घालवले. तळ्यातून मासे धरले, शेतात लवकर येणारी पिकं लावली. लंगड्या तगला. ताई धाकटीशी पूर्वीसारखं बोलायचा प्रयत्न करायची, पण तोंडाशी आलेले शब्द गिळत असल्यासारखं तिचं बोलणं मधेच तुटायचं. धाकटीने दोनदा विचारलं, बरं आहे ना. ताई म्हणाली, कामाचा शीण, दुसरं काय.

आणि मग एका दुपारी, ती लाँड्रीत एका लोकरी शालीवर वाकलेली असताना फोन वाजला. धाकटी ह्या वेळी कधी फोन करत नसे.

"ताई, ती दारं तू उघडी ठेवली होतीस ना?"

ताईच्या हातातली सुई थांबली.

"आत्ता ह्यांनी सहज सांगितलं. त्या दिवशी दुपारी हे आईला डोळे तपासायला घेऊन गेले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, संध्याकाळपर्यंत तिला समोरचं माणूस धड दिसत नव्हतं. ती कशाला खेळायला बसतेय? आणि मी तिच्यावर तोंड टाकलं. ती बिचारी गप्प ऐकून घेत बसली, आणि तूही गप्प. बोल ना. तूच ना?"

"हो," ताई म्हणाली.

"का?"

ताईने शालीवरची सुई काढून उशीत खोचली. उत्तर साधं होतं, पण ह्या वयात तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

"मला नाही वाटलं होतं तू अशी वागशील," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढू लागला होता. "लहान आहेस का तू? काही खुपत होतं तर सांगायचं मला. सरळ तोंडावर सांगायचं. ते नाही, आतल्या आत कुढत बसायचं आणि मग दारं उघडून ठेवायची. कायम असंच करतेस. तापाने फणफणत असलीस तरी मी बरी आहे. मी लग्न ठरवलं तेव्हाही तेच, छान झालं, छान झालं, आणि रात्रभर स्वयंपाकघरात भांडी घासत होतीस. मला ऐकू येत नव्हतं असं वाटतं तुला? मूर्ख आहेस तू ताई. एक नंबरची मूर्ख आहेस. ऐकतेयस का?"

"ऐकतेय."

"मग बोल की काहीतरी."

"तू बोल."

धाकटी जणू परवानगीच मिळाल्यासारखी सुटली. जळलेल्या झग्यापासून तिने सुरुवात केली.

इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या लाँड्रीवाल्याला फोनमधला चढा आवाज एवढ्या लांबूनही ऐकू जात होता. त्याने इस्त्री उभी केली आणि काय झालं, असं हातानेच विचारलं.

ताईने फोन छातीशी धरला.

"माझी बहीण आहे," ती म्हणाली. "ओरडतेय मला."

आणि फोन पुन्हा कानाला लावून, नीट ऐकू यावं म्हणून ती वाफेपासून दूर, खिडकीशी जाऊन बसली.